कटिशूल की कर्करोगाचा प्रसार?

मुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार झालेला रुग्ण वर्ष-दोन वर्षांनी पाठदुखीची तक्रार घेऊन वैद्यांकडे येतो. मुखातील व्रण भरलेला असतो, मानेत गाठ लागत नाही, आणि व्याधी संपली अशी त्याची समजूत असते. अशा वेळी कटिशूल वा गृध्रसी असे निदान करून अभ्यंग, स्वेदन, कटिबस्ती सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिर व मानेचे कर्करोग बहुधा प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत पसरतात. दूरच्या अवयवांतील प्रसार तुलनेने कमी; त्यात फुप्फुस अग्रस्थानी, त्यानंतर हाडे व यकृत. त्वचा, मेंदू, हृदय ही तर विरळाच स्थाने. परंतु क्वचित घडणारे कधीच घडत नाही, असे नव्हे. मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब आणू लागली, की पायांतील बळ जाते व मलमूत्रावरील ताबा सुटतो. रुग्ण चालता असतानाच उपचार मिळाले, तर चालणे टिकण्याची शक्यता अधिक. पाय लुळे पडल्यावर ती फारच उणावते. म्हणून रात्री वाढणारी, विश्रांतीनेही न शमणारी वेदना, पायांत बधिरता वा दौर्बल्य आढळताच त्याच दिवशी रुग्णास एमआरआयची सोय असलेल्या कर्करोग रुग्णालयात पाठवावे. मणक्यास मर्दन करू नये.

सुश्रुतांनी निदानस्थानात अध्यर्बुद व द्विरर्बुद वर्णून ते असाध्य मानले. मात्र असाध्य म्हणजे निरुपाय नव्हे. किरणोपचाराने अस्थिवेदना शमते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बळावलेल्या शिर-मानेच्या कर्करोगात उपशमनार्थ मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्यांस निवोलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली असता, वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा लाभ आपल्या विलंबामुळे कोणाचा हुकू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसही विनंती आहे. मेथोट्रेक्सेट यकृतास जाचक ठरू शकते. पिप्पली-मरिचातील पायपरीन काही औषधांच्या पचनात फेरफार करते. तेव्हा अशा रुग्णास कोणताही कल्प देण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी पाहावी व त्याच्या कर्करोगतज्ज्ञांस विचारावे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत, हेही विसरू नये.

मग आपले कार्य कोणते? किरणोपचारानंतरची मुखशुष्कता, अरुची, वेदनाशामकांमुळे होणारा मलावष्टंभ, खचलेले मन, हे सारे आपल्या कक्षेत येते. तज्ज्ञांशी विचारविनिमय करून तेथे अवश्य सेवा द्यावी. साध्यासाध्यविवेक हा वैद्यकाचा पाया आहे. वेळीच लिहिलेल्या एका संदर्भपत्राने आपल्या शास्त्राचे महत्त्व उणावत नाही. उलट, पायांवर उभा राहिलेला रुग्ण त्या विवेकाची साक्ष देतो.