एका फळीचं टेबल अन् शंभर वर्षांचं झाड



शहरात सध्या जेवणाच्या टेबलाची नवी हौस आली आहे. जाड झाड उभं चिरायचं, एक अखंड फळी काढायची आणि कडा रंधून सरळ न करता झाडाच्या होत्या तशाच वाकड्या ठेवायच्या. याला ‘लाइव्ह एज’ म्हणतात, म्हणजे जिवंत कड. झाड मेलं तरी कड जिवंत! लाकूड कोणतं निवडावं, हे शहरवाले दुकानात बसून ठरवतात. पण झाड आपल्या रानात आणि बांधावर उभं आहे, तेव्हा आपलंही मत असलंच पाहिजे.

आधी हिशोब करू. तीन फूट रुंद फळी एका तुकड्यात पाहिजे, तर झाडाचा घेर साडेनऊ फूट तरी लागतो. पिंपळगाव राजाकडच्या कमी पावसाच्या, मुरमाड जमिनीत साग एवढा व्हायला शंभर वर्षंही पुरत नाहीत. लागवडीचा साग त्याआधीच तोडला जातो. म्हणजे ही फळी जुन्या जंगलातली, नाही तं आपल्या आज्या-पणज्यानं राखलेल्या झाडाची.

दुसरी गोष्ट. सागाची किंमत मधल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याची. त्यात तेल असतं, वाळवी सहसा धरत नाही. 1817 साली मुंबईच्या गोदीत सागवानाचं बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज दुरुस्त्या होत होत आजही इंग्लंडात पाण्यावर उभं आहे. पण सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते. म्हणून आपला सुतार चौकट करताना ते आधी तासून टाकतो. जिवंत कड ठेवायची म्हणजे नेमकं तेच लाकूड ठेवायचं! शंभर वर्षांचा साग पाडून हे करायचं काहून?

टेबलच पाहिजे असंल तं बांधावरचा वठलेला आंबा घ्या, बाभूळ घ्या, शिरीष घ्या. बाभळीची गाडीची चाकं आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरली. फळी मात्र सावलीत नीट वाळवा, इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा, नाही तर ती तडकते. रुंद फळी नसंल तर दोन जोडा. मोहाला मात्र हात लावू नका. तो दरवर्षी फुलं देतो, टोळ देतो. टेबल एकदाच होतं.

आता कायद्याचं. आदिवासी खातेदाराकडून व्यापारी मातीमोलानं झाडं घेत, म्हणून 1969 साली महाराष्ट्रात कायदा झाला. अशी विक्री सरकारच्या देखरेखीखाली व्हावी, पैसा खातेदाराला पुरा मिळावा, हा त्याचा हेतू. पण कागद टेबलावर पडून राहतो आणि घरात दवाखान्याचा नाही तं लग्नाचा खर्च उभा असतो. मग माणूस रोख नोटा पाहून अंगठा देतो. फसवणूक इथंच होते.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू, तेंदू, मोह, डिंक आपले झाले. इमारती लाकूड त्यात नाही. पण सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून बांबूचा वाहतूक पास ग्रामसभा स्वतः देऊ लागली. तिथं जमलं ते इथं का जमू नये?

आपल्यातल्या कोणी झोपडीसाठी दोन बल्ल्या आणल्या तर गुन्हा होतो. दिल्लीच्या नव्या संसदेला सागवान नागपूरहून गेलं. संसद देशाची आहे, लाकूड गेल्याचं आम्हाला दुःख नाही. पण ज्या जंगलातून झाड जातं, तिथल्या ग्रामसभेला कोणी विचारत नाही, याचं दुःख आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. गावच्या जुन्या झाडांची घेरासकट यादी करायची. बांधावरचं झाड विकायचं असंल तर मोजमाप आणि भाव ग्रामसभेत सांगायचा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही. आणि अडलेल्या घराला गावनिधीतून उसने द्यायचे, म्हणजे गरजेपायी झाड पडणार नाही. तिसरा ठराव सगळ्यात अवघड आहे, पण त्याच्यावाचून पहिले दोन टिकायचे नाहीत.

— आम्ही, पिंपळगाव राजा परिसरातले कार्यकर्ते