मागणी कोणाची आणि मालकी कोणाची?

गायन, नृत्य, नाट्य या कला चित्रफितीत बंद करून विद्यार्थ्यांना आणि शाळांना वर्गणीवर विकण्याचा धंदा बेंगळुरू शहरात गेल्या काही वर्षांत उभा राहिला. वर्गणी भरली की हवा तो धडा, हवा तो प्रयोग, हव्या त्या वेळी पडद्यावर उघडतो. या धंद्याची भलामण करणारे त्याला कलेचे लोकशाहीकरण म्हणतात. गुरूच्या घरी पाणी भरण्याचे दिवस संपले. रायचूरच्या शेतमजुराची मुलगी आणि कोरमंगलातील कोट्यधीशाचा मुलगा यापुढे एकाच गायिकेसमोर बसतील. कलेवरील मूठभरांची मक्तेदारी तंत्रज्ञानाने मोडून काढली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. भांडवलदार वर्ग समतेची भाषा बोलू लागला की त्याच्या हिशेबाच्या वह्या तपासाव्यात, हे कामगार चळवळ अनुभवाने शिकली आहे. या बाबतीत वह्या फार दूर शोधाव्या लागत नाहीत.

टाळेबंदीने शाळा आणि रंगमंदिरे बंद पाडली त्याच वर्षी, २०२० मध्ये, बेंगळुरूत 'फ्रंटरो' ही कंपनी स्थापन झाली. नामवंत चित्रपटगायिका, रॅप गायक, विनोदवीर आणि क्रिकेटपटू यांचे पूर्वमुद्रित धडे विकणे हा तिचा व्यवसाय. २०२१ मध्ये देशी-विदेशी गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर ओतले. २०२२ मध्ये शाळा उघडल्या, रंगमंदिरांचे पडदे वर गेले, माणसे माणसांत परतली. आणि त्याच वर्षी कंपनीने दोनदा कर्मचारीकपात केली. २०२३ मध्ये तिने गाशा गुंडाळला. याच शहरातील 'बायजूज' या, चित्रफितींच्या शिक्षणावरच उभ्या राहिलेल्या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर असल्याचा डंका पिटला गेला होता. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्याआधीच गेल्या होत्या.

या कंपन्यांच्या चालकांनी चुका केल्या, असे सांगून भांडवलदारी वृत्तपत्रे मोकळी झाली. परंतु प्रश्न चालकांच्या शहाणपणाचा नाही. शिक्षणाचे साधन सट्टेबाज भांडवलाच्या मालकीचे असले की त्याचे आयुष्य त्या भांडवलाच्या नफ्याच्या अपेक्षेइतकेच असते. सरकारी शाळेतील खडू-फळा कंपनीच्या ताळेबंदाबरोबर नाहीसा होत नाही. वर्गणीवर मिळालेला धडा मात्र होतो.

'मागणीनुसार' या शब्दातच या व्यवहाराची मेख आहे. बाजाराच्या भाषेत मागणी म्हणजे गरज नव्हे. खिशात पैसा असलेल्याची गरज तेवढी मागणी ठरते. रायचूरच्या मुलीला गाणे हवे आहे, हे तिच्या आईला ठाऊक असते. बाजाराला ते ठाऊक होण्यासाठी तिच्या हाती फोन, फोनमध्ये इंटरनेट आणि खात्यात वर्गणीचे पैसे असावे लागतात. केंद्र सरकारच्याच यूडायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण साडेत्रेसष्ट टक्क्यांवर गेले. म्हणजे तीन शाळांपैकी एकीत तर मागणी नोंदविण्याची खिडकीदेखील नाही. जेथे ती आहे, तेथेही एका खोलीत दोन इयत्ता बसवून एक शिक्षक शिकवीत असेल तर नृत्याची चित्रफीत कोणत्या तासाला लावावयाची, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत नाही.

कलावंताच्या बाजूने हाच व्यवहार पाहिला की त्याचे वर्गीय स्वरूप अधिक उघड होते. गायिकेचे उदाहरण मार्क्सने 'अतिरिक्त मूल्याचे सिद्धांत' या ग्रंथाच्या हस्तलिखितात घेतले आहे. स्वतःच्या हिमतीवर गाणे विकणारी गायिका आणि नफ्यासाठी तिला गायला लावणाऱ्या व्यावसायिकाने कामावर ठेवलेली तीच गायिका, यांच्या गाण्यात फरक नसतो. फरक उत्पादनसंबंधांत असतो. दुसऱ्या प्रसंगी तिचे गाणे भांडवल निर्माण करते. मार्क्सच्या काळी त्या व्यावसायिकाला निदान रोज संध्याकाळी तिला रंगमंचावर आणावे लागे आणि रोजचे वेतन द्यावे लागे. आज ती एकदा गाते आणि कंपनी ते गाणे लाख वेळा विकते. मृत श्रम जिवंत श्रमावर स्वार होतात, हे कारखान्यात यंत्राच्या रूपाने दिसले. येथे गायिकेचा कालचा आवाजच तिच्या उद्याच्या बिदागीचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा केला जातो.

याविरुद्ध कायद्याचे संरक्षण नाही असे नाही. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क विस्तारले. चित्रीकरणात समावेशाला त्याने लेखी संमती दिली की पुढे त्याला हरकत घेता येत नाही हे खरे. परंतु व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधन मिळण्याचा त्याचा हक्क कायम राहतो, असे कलम ३८-अ सांगते. कायद्याच्या परिभाषेत शाळेसाठी काढलेली चित्रफीत हीसुद्धा 'चित्रपट'च होय. मग हा हक्क वसूल कोण करतो? नामांकित गायिकेकडे वकील असतो. तिच्या मागे बसलेल्या तबलजीकडे, यक्षगानातील चेंडे वाजविणाऱ्याकडे, नारायणगावच्या राहुटीत सुपारीची वाट पाहणाऱ्या तमाशातील ढोलकीवाल्याकडे वकील नसतो आणि बहुधा संघटनाही नसते. टाळेबंदीत जत्रा बुडाल्या तेव्हा या माणसांनी मिळेल त्या रकमेला कॅमेऱ्यासमोर कला सादर केली. मिळालेल्या पाकिटाबरोबर आपण काय लिहून दिले, हे विचारण्याची सोय उपाशी माणसाला नसते.

येथे दुसऱ्या टोकाच्या भूमिकेचाही परामर्श घेणे आवश्यक आहे. काही प्रामाणिक कार्यकर्ते आणि कलावंत म्हणतात, मुद्रित कला ही कलाच नव्हे. शाळांनी पडद्याला दारातच अडवावे. ही भूमिका कितीही जहाल भासली तरी ती कामगार वर्गाची नव्हे. ती यंत्रे फोडणाऱ्यांची आहे आणि तिच्या मुळाशी पुष्कळदा बैठकीत बसण्याचा मान जन्माने लाभलेल्यांचा अहंकार दडलेला असतो. गुरुगृहाची परंपरा सर्वांना खुली नव्हती, तिने जात विचारली, हे विसरता येत नाही. ज्या मुलीला कोणत्याही गुरूने दारात उभे केले नसते तिने पडद्यावर भरतनाट्यम पाहिले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. लेनिनच्या सहीने २७ ऑगस्ट १९१९ रोजी चित्रपट उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि यादवी युद्ध चालू असतानाच प्रचारगाड्यांतून चित्रपट खेड्यांपर्यंत गेले. त्या क्रांतिकारकांनी कॅमेरा नाकारला नाही; तो मालकांच्या हातून काढून घेतला.

आपल्या देशालाही या प्रश्नाचा अनुभव आहे आणि तो विजापूर-गुलबर्ग्याच्या मातीतला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा 'साइट' प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी साऱ्या गावासाठी कार्यक्रम असत. संच सार्वजनिक होता, वर्गणी नव्हती. आणीबाणीतील सरकारचा स्वार्थ त्या प्रक्षेपणात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरीही गावाने एकत्र बसून पाहावे अशी ही सार्वजनिक व्यवस्था होती आणि भारतीय शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी ती आपल्या कर्तृत्वाने उभी केली. मात्र उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष संपताच तो भारतावरून हलविण्यात आला आणि त्याचे प्रक्षेपण थांबले. स्वतःचा उपग्रह हवा हा धडा त्या वेळच्या शासनाने निदान घेतला. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या अवकाश संशोधन संस्थेने २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडला. त्याच सार्वजनिक क्षेत्राने घडविलेल्या अभियंत्यांच्या शहरात आज शिक्षणाचे साधन पुन्हा परक्या गुंतवणूकदारांच्या मर्जीवर सोपविले जात आहे. या वेळी उपग्रह हलवावाही लागत नाही; संकेतशब्द बंद केला की पुरते.

आता वर्गातील मुलांकडे वळू. कलेचा तास कशासाठी असतो? उत्तम प्रयोग पाहणे हा त्याचा एक भाग. परंतु मुलाने स्वतः उभे राहून बोलावे, चुकावे, दुसऱ्याच्या तालात आपला पाय टाकावा, यासाठी तो मुख्यतः असतो. १८४२ मध्ये कारवार भागातील कर्की गावची यक्षगान मंडळी सांगलीत आली. तिचे खेळ पाहून संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही उभे करण्यास सांगितले आणि पुढल्याच वर्षी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आले. मराठी रंगभूमीचा आरंभ हा असा, कानडी मुलखातून चालत आलेल्या जिवंत मंडळीपासून झाला. सीमाप्रश्नावर गळे काढणारे दोन्हीकडचे पुढारी ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

खुद्द बेंगळुरूचा वारसा याच जातीचा आहे. १९४१ मध्ये अनिल डी सिल्व्हा या सिंहली कार्यकर्तीच्या पुढाकाराने याच शहरात जननाट्याचा गट उभा राहिला; तीच ठिणगी मुंबईत पोचली आणि मे १९४३ मध्ये 'इप्टा'ची स्थापना झाली. पुढल्याच वर्षी अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात उभे राहिले. १९७५ मध्ये 'समुदाय' ही नाट्यचळवळ बेंगळुरूत जन्मली. बिहारमधील बेलची येथे १९७७ मध्ये दलितांना जाळून मारण्यात आले तेव्हा 'समुदाय'ने 'बेलची' हे पथनाट्य कर्नाटकच्या चौकाचौकांत नेले आणि १९७९ मध्ये राज्यभर सांस्कृतिक जथा काढला. शहराच्या सार्वजनिक परिवहन सेवेत कामगारांची नाटके होत. तेथे वाहक असलेला मराठी कुटुंबातील शिवाजीराव गायकवाड त्यांत कामे करी. पुढे तो मद्रासला गेला आणि रजनीकांत झाला. (त्याच्या चित्रपटांची वर्गीय चिकित्सा हा निराळा विषय आहे.) कायम नोकरी, ठरलेले तास आणि सहकाऱ्यांची मंडळी, एवढ्या भांडवलावर त्या कामगारांची रंगभूमी उभी होती. आज त्याच शहरात घरोघर जेवणाची पाकिटे पोचविणाऱ्या तरुणाला यांतील एकही गोष्ट लाभत नाही. नाटक पाहण्याची चित्रफीत त्याच्या फोनवर आहे. तालमीला जाण्याची संध्याकाळ त्याच्याकडे नाही.

शाळेतही नेमके हेच घडत आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, नाट्य व दृश्यकला दहावीपर्यंत अनिवार्य असाव्यात अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. हे कायद्याचे बंधन आहे, मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्रात हे निदेशक तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले आणि पुन्हा नेमणूक मिळावी म्हणून त्यांना आंदोलने करावी लागली. कर्नाटकात मोजक्या सरकारी शाळांत नाट्यशिक्षक नेमण्याचा स्तुत्य प्रयोग झाला, तो मोजक्या शाळांपुरताच राहिला. वास्तविक हेग्गोडूच्या 'नीनासम'सारख्या संस्थेतून १९८० पासून प्रशिक्षित तरुण बाहेर पडत आहेत. माणसे आहेत, कायदा आहे. पदे मात्र भरली जात नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला-समावेशक शिक्षणाचा घोष केला. ते पद रिकामे ठेवून तेथे पडदा टांगला की धोरण अमलात आल्याचा अहवाल पाठविता येतो, आणि पडद्याच्या वर्गणीत निवृत्तिवेतनाची तरतूद करावी लागत नाही!

लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१५ पासून आपल्या प्रयोगांची मुद्रणे ब्रिटनमधील सरकारी शाळांना विनामूल्य खुली केली, हे उदाहरण आपले विचारवंत अगत्याने देतात. ते चांगलेच आहे. त्याच देशातील सरकारने २०१० मध्ये इंग्लंडच्या कला परिषदेच्या अनुदानात जवळजवळ तीस टक्के कपात केली होती, हे मात्र ते सांगावयास विसरतात. मुद्रण विनामूल्य आणि रंगमंच उपाशी, ही सवलत भांडवलशाहीला परवडते.

तेव्हा या प्रश्नावर चळवळीच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. १९५३ मध्ये सुरू झालेल्या संगीत नाटक अकादमीकडे, आकाशवाणीकडे आणि दूरदर्शनकडे जनतेच्या पैशाने मुद्रित झालेला कलासंग्रह आहे. तो सर्व भारतीय भाषांतील टिपणांसह प्रत्येक सरकारी शाळेला विनामूल्य मिळावा आणि इंटरनेट नसलेल्या शाळेला तो साठवून दिला जावा. साथीदारांसह प्रत्येक कलावंताला त्या वापराबद्दल सरकारी तिजोरीतून स्वामित्वधन मिळावे. खाजगी वर्गणीवर शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा एक पैसाही खर्च होता कामा नये. कलानिदेशकांची पदे पूर्णवेळ वेतनश्रेणीत भरावीत आणि स्थानिक मंडळींचे प्रयोग शाळेच्या पटांगणात करण्यासाठी वार्षिक तरतूद असावी.

शिक्षक संघटनांतील आणि विद्यार्थी आघाडीवरील सभासदांनी आपल्या तालुक्यापासून आरंभ करावा. शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळा किती, त्यांत कलानिदेशक किती, त्यांचे मानधन शेवटचे केव्हा मिळाले आणि चित्रफितींच्या वर्गणीचा करार कोणत्या कंपनीशी किती रकमेचा झाला, ही माहिती गटशिक्षणाधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात लेखी मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.