विश्लेषण : आलिशान हायब्रिड मोटारी स्वस्त झाल्या, मग सवलत कुठे गेली?

जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले आणि आलिशान मोटारींच्या शोरूममध्ये दरकपातीचे फलक झळकले. हायब्रिड मोटारींच्या किमतीही उतरल्या. मात्र मोठ्या हायब्रिड मोटारींना पेट्रोल-डिझेल मोटारींच्या तुलनेत मिळणारा कराचा लाभ त्याच दिवशी संपला, याची फारशी चर्चा झाली नाही. पन्नास लाखांच्या पुढची मोटार घेताना ‘हायब्रिड’ या शब्दासाठी जादा पैसे मोजावेत का? राज्याच्या करात काही सुटते का? आणि मोटारीत दोष निघाला तर उत्तर कोणाकडे मागायचे, वितरकाकडे की कंपनीकडे?

हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती?

शोरूममध्ये हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. टोयोटाची कॅम्री आणि वेलफायर, लेक्ससची ईएस ३००एच ही ‘स्ट्राँग हायब्रिड’ मोटारींची उदाहरणे. यात विजेची मोटर काही अंतर एकटीच गाडी ओढू शकते, ब्रेक लावताना बॅटरी चार्ज होते आणि चार्जिंगसाठी गाडी कुठे जोडावी लागत नाही. दुसरा प्रकार ‘माइल्ड हायब्रिड’. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक पेट्रोल-डिझेल मोटारींत ४८ व्होल्टची यंत्रणा असते. ती इंजिनाला हातभार लावते, पण एकटी गाडी चालवत नाही. तिसरा ‘प्लग-इन हायब्रिड’. बीएमडब्ल्यूची एक्सएम त्यातली. ती घरी चार्ज करता येते. न केल्यास जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल मोटार एवढेच तिचे स्वरूप उरते.

विक्रेता ‘हायब्रिड आहे’ असे म्हणाला, तर यातली कोणती हा पहिला प्रश्न. इंधनाची बचत आणि किंमत दोन्ही त्यावर ठरतात.

जीएसटीत नेमके काय बदलले?

आधी मोटारींवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर होता. मोठ्या एसयूव्हीवर उपकर २२ टक्के, म्हणजे एकूण ५० टक्के. मोठ्या सेडानवर एकूण ४८ टक्के. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर उपकर १५ टक्के, म्हणजे एकूण ४३ टक्के. विजेवरील मोटारींवर फक्त ५ टक्के. नव्या रचनेत उपकर गेला. मोठ्या मोटारींना सरसकट ४० टक्के दर लागला, मग ती पेट्रोल असो, डिझेल असो वा हायब्रिड. विजेवरील मोटारी ५ टक्क्यांवरच राहिल्या. चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना १८ टक्के दर आहे, पण आलिशान मोटारींचा त्याच्याशी संबंध नाही.

कराआधीची किंमत ५० लाख रुपये आहे असे धरू. जुन्या दराने एसयूव्ही ७५ लाखांना पडत होती आणि तेवढ्याच मूळ किमतीची हायब्रिड साडेएकाहत्तर लाखांना. साडेतीन लाखांचा हा फरक महत्त्वाचा होता, कारण हायब्रिडमध्ये बॅटरी, मोटर आणि नियंत्रण यंत्रणा जास्तीची असल्याने तिची मूळ किंमतच चढी असते. करातला फरक त्यातला काही भाग भरून काढत असे. आता दोन्ही मोटारी ७० लाखांवर येतात. एसयूव्ही पाच लाखांनी उतरली, हायब्रिड दीड लाखाने. त्याच मूळ किमतीची विजेवरील मोटार मात्र आजही साडेबावन्न लाखांतच मिळते.

दरकपातीच्या जाहिरातीत ‘दीड लाखाने स्वस्त’ एवढेच दिसते. शेजारची पेट्रोल मोटार त्याहून किती अधिक स्वस्त झाली, हे ग्राहकाला स्वतः ताडून पाहावे लागते.

सरकारचे धोरण एवढे हेलकावे का खाते?

‘फेम’ योजनेत २०१५ पासून माइल्ड हायब्रिडलाही अनुदान मिळत होते. १ एप्रिल २०१७ पासून ते थांबवण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये जीएसटी आला आणि हायब्रिडवरील कराचा बोजा सुमारे ३० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. पुढे वाहन उद्योगातच दोन तट पडले. टोयोटा आणि मारुतीसारख्या कंपन्या हायब्रिडला सवलत मागत होत्या, तर विजेवरील मोटारींत पैसा ओतलेल्या टाटा आणि महिंद्रा यांचा तिला विरोध होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२४ मध्ये हायब्रिडवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाला दिल्याचे सांगितले होते. तो मान्य झाला नाही. नव्या रचनेने या वादावर निकाल दिलाच नाही. मोठ्या हायब्रिडला पेट्रोल-डिझेलच्या पंक्तीत बसवून विषय बाजूला सारला.

राज्यांची तऱ्हाही निराळी नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली. त्यामुळे मोठ्या मोटारींवर साडेतीन लाखांपर्यंत बचत झाली आणि शेजारच्या राज्यांतील ग्राहकांच्या भुवया उंचावल्या. महाराष्ट्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर जाहीर केला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात सांगितले. अशा घोषणांवर विसंबून सहा महिन्यांनंतरच्या डिलिव्हरीचे गणित मांडणे जोखमीचे आहे.

महाराष्ट्रात नोंदणी करताना किती पडते?

महाराष्ट्रात पेट्रोल हायब्रिडला वेगळी सवलत नाही. पेट्रोल मोटारीचाच दर लागतो. २० लाखांवरील पेट्रोल मोटारीला १३ टक्के एकरकमी कर आहे, डिझेलला १५ टक्के. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या मोटारीला २० टक्के. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली.

वरच्याच उदाहरणात ७० लाखांच्या हायब्रिडवर वैयक्तिक नावाने सुमारे ९ लाख १० हजार रुपये कर होईल, कंपनीच्या नावाने १४ लाख. आलिशान मोटारी मोठ्या संख्येने कंपन्यांच्या नावावर घेतल्या जातात, तेव्हा ही जवळपास पाच लाखांची तफावत किरकोळ नाही. घसाऱ्यातून वाचणारा प्राप्तिकर आणि हा जादा कर यांची वजाबाकी सनदी लेखापालाकडून आधीच करून घेतलेली बरी.

विजेवरील मोटारींना राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार हा कर माफ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे टोलमाफीही आहे. हायब्रिडला यातले काहीही नाही. पाटी हिरवी नसेल, तर टोलनाक्यावर हायब्रिड आणि पेट्रोल सारखेच.

इंधनाच्या बचतीतून जादा किंमत वसूल होते का?

कॅम्रीचा प्रमाणित आकडा लिटरमागे २५.४९ किलोमीटर आहे, आणि एवढ्या मोठ्या सेडानसाठी तो थक्क करणारा आहे. रस्त्यावर तो कमी मिळतो, हे मोटार वापरणाऱ्याला सांगायला नको. समजा हायब्रिड प्रत्यक्षात १८ किलोमीटर देते, तोडीची पेट्रोल मोटार ११ देते आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणे होते. पेट्रोलचा खर्च लिटरला १०० रुपये धरला तर वर्षाला सुमारे ४२ हजार रुपये वाचतात. दोन मोटारींच्या किमतीत पाच लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला जवळपास बारा वर्षे लागतात. या वर्गातले मालक एक मोटार एवढी वर्षे क्वचितच ठेवतात.

याचा अर्थ हायब्रिड घेऊ नये असा नाही. दादर-अंधेरी किंवा हिंजवडीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून सरकणारी गाडी वेगळेच सुख देते. चार्जर शोधावा लागत नाही, ही नांदेड-सोलापूरकडे वारंवार जाणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. पण हे आरामाचे कारण झाले. विक्रेता त्याला बचतीचे कारण म्हणून विकत असेल, तर त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवावा.

मग तुलना कशावर करायची?

या किमतीत निवडीचा कस लागतो तो विक्रीनंतरच्या काळात. लेक्ससने जून २०२४ पासून नव्या मोटारींना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली आहे. टोयोटा हायब्रिड बॅटरीला तेवढीच मुदत देते. इतर ब्रँडमध्ये वाढीव वॉरंटी बहुधा वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. तेव्हा दोन मोटारींची किंमत शेजारी मांडताना पाच वर्षांची सर्व्हिस आणि वाढीव वॉरंटी दोन्हीकडे धरावी.

सर्व्हिस सेंटर किती दूर, हाही प्रश्न आहेच. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, जग्वार लँड रोव्हरची जुळणी पुण्यात, ऑडीची छत्रपती संभाजीनगरात. गाड्या महाराष्ट्रात तयार होतात, पण आलिशान ब्रँडची वर्कशॉप मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. लातूर किंवा रत्नागिरीच्या मालकाला सेन्सर बदलण्यासाठी गाडी क्रेनवर चढवून पाठवावी लागत असेल, तर वॉरंटीत सुटा भाग फुकट मिळाल्याचे समाधान अर्धेच उरते. गाडी ने-आण करण्याचा खर्च कोणाचा आणि दुरुस्ती लांबली तर पर्यायी गाडी मिळेल का, हे बुकिंगपूर्वी लेखी घ्यावे.

बिलात काय तपासावे?

शोरूमची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांच्यामध्ये बऱ्याच ओळी असतात. विमा वितरकाकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वितरक तशी सक्ती करू शकत नाही. ‘विमा बाहेरून घेतल्यास वॉरंटी जाईल’ असे कोणी म्हणाले, तर ते ईमेलवर लिहून मागावे. सहसा ते लिहून मिळत नाही.

दहा लाखांवरील मोटारीवर एक टक्का टीसीएस लागतो. ७० लाखांच्या गाडीवर ही रक्कम ७० हजार होते. ती खर्चात धरू नये, कारण ती ग्राहकाच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करता येते. अनेक जण हे विसरतात. हाताळणी शुल्क, ‘आवश्यक’ अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग या ओळींवर मात्र बोट ठेवून प्रश्न विचारावा.

मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात वेगळी पद्धत आणली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचे, किंमत देशभर एक. वितरक हा कमिशनवर काम करणारा मध्यस्थ. यात घासाघीस गेली. ओळखीच्या विक्रेत्याकडून मार्चअखेरीस मोठी सूट पदरात पाडून घेणाऱ्यांना ती रुचली नसेल, पण पुण्याच्या ग्राहकाने जास्त दिले की नागपूरच्या, ही शंकाही गेली. बहुतेक ब्रँड आजही वितरकामार्फतच बिल करतात.

बिलावर कोणाचे नाव, याला एवढे महत्त्व का?

याचे उत्तर गोव्यातील एका खटल्यात सापडते. ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले, पण मिळालेली मोटार २००९ मध्ये तयार झालेली होती. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत कंपनीलाही जबाबदार धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले. कंपनी आणि वितरक हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत. वितरकाच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निर्मितीतला दोष ही कंपनीची जबाबदारी, पण विक्रीच्या टेबलावरची फसवणूक ही वितरकाची. म्हणून चेसिस क्रमांकावरून निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहणे, हे पूर्ण रक्कम भरण्याआधीचे काम आहे.

कंपनीच्या नावावर मोटार घेणाऱ्यांना जुलै २०२४ च्या एका निकालाने दिलासा दिला आहे. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली मोटार व्यापारी हेतूची ठरत नाही, त्यामुळे कंपनीलाही ‘ग्राहक’ म्हणून दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजच्या मोटारींबाबतच्या प्रकरणात स्पष्ट केले.

दाद कुठे मागायची हे भरलेल्या किमतीवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. भरपाई कितीही मागितली तरी हा निकष बदलत नाही, हे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवले. तक्रार ग्राहकाच्या राहत्या ठिकाणी दाखल करता येते. शोरूम मुंबईत असले म्हणून साताऱ्याच्या ग्राहकाने मुंबईला हेलपाटे घालण्याची गरज नाही.

पुढे काय बदलू शकते?

एप्रिल २०२७ पासून मोटार कंपन्यांसाठी इंधन कार्यक्षमतेचे ‘कॅफे’ निकष अधिक कडक करण्याचा प्रस्ताव आहे. कंपनीच्या सगळ्या मोटारींची सरासरी काढताना हायब्रिडला किती झुकते माप द्यायचे, यावरून उद्योगातला जुनाच वाद पुन्हा पेटला आहे. ते माप मिळाले तर हायब्रिड मॉडेल वाढतील. मात्र हा लाभ कंपनीच्या सरासरीत जमा होणार आहे. त्यातला किती वाटा ग्राहकाच्या बिलात उतरवायचा, हे कंपनीच ठरवेल.