चवदार तळ्याचा खटला : जिंकलेला, पण कशाच्या बळावर?

२० मार्च १९२७ सर्वांना ठाऊक असतो. १७ मार्च १९३७ मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. ‘न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली’ अशा ओळी दर मार्चमध्ये फिरतात. निकालात तसे काहीही नाही. तो काय म्हणतो, हे सांगण्यासाठी हा थ्रेड.

आधी पार्श्वभूमी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केले, अर्थात कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायले गेले ते १९२७ मध्ये. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी सुरू असतानाच नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. हजारो माणसे महाडात जमली, मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याला मात्र हात न लावता, तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. न्यायालयाचा आदेश मोडायचा नाही, हा निर्णय आंबेडकरांना किती जड गेला असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

वादींचे म्हणणे असे : अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही, ही अनादी काळापासूनची रूढी आहे. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये दावा फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यासमोर आले. (१९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड.)

त्यांनीही वादींचे अपील फेटाळले. कारण? तळे नगरपालिकेचे होते आणि रूढी ‘अनादी’ असल्याचे सिद्ध झाले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी त्या पाण्यावर कुणी असा एकाधिकार सांगितला असेल का, अशी शंका न्यायमूर्तींनी व्यक्त केली. रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हे कदाचित तपासावे लागले असते, एवढे म्हणून ते थांबले. तो मुद्दा खालच्या न्यायालयांत मांडलाच गेला नव्हता. त्यामुळे एकट्या न्यायमूर्तींना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

पण याचा अर्थ नीट पाहा. अपमान झाला की नाही, हा प्रश्नच नव्हता; अपमान पुरेसा जुना आहे का, हा होता. वादींना भक्कम जुने पुरावे सापडले असते तर? माणसाचा पाण्यावरचा हक्क समोरच्याच्या पुराव्याच्या उणिवेवर टिकला, हे मला त्या विजयातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

शिवाय सव्वानऊ वर्षे गेली. या काळात आंबेडकर गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, आणि १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. निकाल लागला तेव्हा हा प्रतिवादी नुकताच मुंबईच्या विधानसभेवर निवडून आला होता.

म्हणून या खटल्याचा खरा परिणाम मी १९३७ च्या निकालपत्रात नव्हे, राज्यघटनेत शोधतो. हे माझे वाचन आहे. अमुक अनुच्छेद या दाव्यातूनच आला, असा दावा मी करत नाही. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, तो पाठ असतो. अनुच्छेद १३ कडे मात्र लक्ष जात नाही. तिथे ‘कायदा’ या शब्दात ‘रूढी किंवा परिपाठ’ यांचाही समावेश आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तितक्या मर्यादेपर्यंत ती रूढी शून्यवत. ती किती जुनी आहे, हे विचारायची गरजच उरत नाही. आणि अनुच्छेद १५(२) मध्ये, सार्वजनिक वापराच्या ज्या जागी कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, त्यांची यादी आहे. तीत विहिरी आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत, आणि तलावही आहेत.