चिलटांची साक्ष, संगणकाची साक्ष: पोर्शे ९१७ आणि एका पुणेकराचे गणित

१/ देवळ्याच्या शिवारात उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत भरला जातो. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि बाजूच्या पट्ट्यांत फटी ठेवलेल्या असतात. हवा खालून आणि बाजूंनी शिरते आणि कांद्यातली ऊब व ओल बाहेर नेते. ही हवा कोणालाच दिसत नाही. ती कुठे पोहोचली नाही, हे मात्र सडलेला कांदा सांगतो. न दिसणारा प्रवाह त्याच्या खुणांवरून ओळखणे ही कसमादे पट्ट्यातील शेतकऱ्याची रोजची विद्या आहे. १९६९ साली ऑस्ट्रियातील एका शर्यतीच्या मार्गावर हीच विद्या एका विख्यात गाडीच्या कामी आली.

२/ ती गाडी म्हणजे पोर्शे ९१७. मार्च १९६९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. साडेचार लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, हलका सांगाडा आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून मागे लांबवलेली शेपूट. नियमाप्रमाणे २५ गाड्या तयार असणे आवश्यक होते. एप्रिलमध्ये कंपनीने त्या ओळीने उभ्या करून निरीक्षकांना दाखवल्या. वेग अफाट होता. पण ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गाडी रस्त्यावर स्थिर राहत नसे आणि कसलेले चालकही तिला बिचकत.

३/ १४ जून १९६९ रोजी फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. पहिल्याच फेरीत ब्रिटिश हौशी चालक जॉन वुल्फ यांच्या ९१७ ला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. दोष गाडीच्या आकाराचा होता, की इतक्या अवघड गाडीची सवय नसलेल्या चालकाचा? हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. एका मृत माणसावर चुकीचा ठपका बसतो की नाही, हा इतिहासातला लहान प्रश्न नव्हे.

४/ ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील झेल्टवेग येथे गाडीची पुन्हा चाचणी झाली. जे. डब्ल्यू. ऑटोमोटिव्ह या संघाचे अभियंते जॉन हॉर्समन यांनी एक साधी गोष्ट टिपली. गाडीच्या पुढच्या भागावर मेलेल्या चिलटांचा थर होता, शेपटीचा मागचा भाग मात्र जवळजवळ स्वच्छ होता. म्हणजे तिथे हवा पोहोचतच नव्हती. हवा शेपटीला धरून वाहत नसेल, तर मागची चाके रस्त्यावर दाबून धरणार कोण? जागच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे जोडून शेपूट उंच करण्यात आली आणि गाडी ताळ्यावर आली.

५/ पुढे याच विचारातून आखूड शेपटीची ९१७ के घडली. १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड अॅटवूड यांनी तिच्यावर पोर्शेला ल मान्सचे पहिले सर्वंकष विजेतेपद मिळवून दिले. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबून पाहावे. चिलटे ही नकळत उमटलेली साक्ष होती. कुणाला पटवून देण्यासाठी ती मेली नव्हती. पेशवे दफ्तरातला दाणागोट्याचा हिशेब अनेकदा स्तुतिपर वर्णनापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतो, तो याच कारणाने.

६/ आज अशा जुन्या गाड्यांचा अभ्यास संगणकावर होतो. गाडीचे लेझरने मोजमाप घेऊन तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली जाते. तिच्याभोवतीची हवा लाखो लहान कप्प्यांत विभागली जाते. प्रत्येक कप्प्यात किती हवा आली, किती गेली आणि तिचा वेग कसा बदलला, याचा हिशेब नेव्हिए-स्टोक्स समीकरणांनी मांडला जातो. याला सिम्युलेशन म्हणतात. रंगीत चित्र हे या कामाचे शेवटचे टोक, मूळ काम हिशेबाचे.

७/ या हिशेबात एक अडचण होती. गाडीच्या वेगांना हवा फारशी दाबली जात नाही, तिची घनता स्थिर धरता येते. पण मग वेग काढायला दाब ठाऊक असावा लागतो आणि दाबासाठी स्वतंत्र समीकरणच उरत नाही. या कोंडीवरचा सर्वाधिक वापरला गेलेला एक मार्ग १९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ब्रायन स्पॉल्डिंग आणि त्यांचे विद्यार्थी राहिलेले सुहास पाटणकर यांनी मांडला.

८/ पद्धतीचे नाव ‘सिंपल’, आणि तिची कल्पनाही नावासारखीच सरळ. आधी दाबाचा अंदाज धरायचा. त्यावरून वेग काढायचा. मग प्रत्येक कप्पा तपासायचा: आत आलेली हवा आणि बाहेर गेलेली हवा जुळते का? जुळत नसेल, तर त्या तफावतीवरूनच दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हिशेब जुळेपर्यंत हे चक्र चालते. अंदाज, तपासणी, दुरुस्ती. चांगला इतिहासकारही कागदपत्रांपुढे बसून याहून वेगळे काही करत नाही.

९/ सुहास पाटणकर पुण्याचे. त्यांनी १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम. टेक. आणि १९६७ मध्ये इम्पीरियल कॉलेजमधून पीएच.डी. मिळवली. पुढे ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पाठ्यपुस्तक जगभरच्या अभियंत्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले. मराठी माणसाच्या पराक्रमाच्या याद्या समाजमाध्यमांवर रोज फिरतात. त्यांत हे नाव क्वचितच दिसावे, ही त्या याद्यांची उणीव आहे.

१०/ पाटणकरांची पद्धत आज कुणालाही हाताळता येते. ओपनफोम ही मोफत आणि मुक्त संगणकप्रणाली आहे. तिच्यातील ‘सिंपलफोम’ या भागाचे नावच या पद्धतीवरून पडले आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तिचा देशभर प्रसार करतो. त्यामुळे देवळ्यातील एखादा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवरसुद्धा ९१७ च्या दोन शेपट्यांची ढोबळ तुलना करू शकतो. जे काम एके काळी मोठ्या कंपनीच्या वातबोगद्यातच शक्य होते, ते आता इतिहासप्रेमीच्या टेबलावर आले आहे.

११/ म्हणूनच सावधगिरी हवी. संगणकावरची ९१७ म्हणजे नेमकी कोणती ९१७? १९६९ च्या जूनमधली, की ऑक्टोबरमधली? या गाड्यांचे कवच शर्यतीगणिक बदलत गेले. आज संग्रहालयात उभी असलेली गाडी अनेकदा दुरुस्त झालेली असू शकते. तिचे मोजमाप म्हणजे त्या दिवशीच्या गाडीचे मोजमाप नव्हे. शिवाय कप्पे किती बारीक घेतले, फिरती चाके आणि खालचा रस्ता कसा दाखवला, हवेच्या भोवऱ्यांसाठी कोणते गणित निवडले, यांवर उत्तर बदलते.

१२/ यंत्र खोटे बोलत नाही, असे एक मत आहे. हा इतिहासच नव्हे, नुसती आकडेमोड आहे, असे दुसरे. दोन्ही मते टिकत नाहीत. सिम्युलेशन हे नव्या प्रकारचे साधन आहे आणि त्याला प्रत्येक साधनाला विचारले जाणारे प्रश्न विचारायलाच हवेत. ते कोणत्या गाडीचे आणि कोणत्या तारखेचे? त्यात कोणती गृहीतके धरली? त्या काळातील छायाचित्रे, चाचण्यांच्या नोंदी आणि चालकांच्या हकिगती यांच्याशी ते जुळते का? बखर कोणी फेकून देत नाही, पण ती वाचताक्षणी कोणी खरीही मानत नाही. रंगीत आलेखालाही हाच न्याय लागू व्हावा.

१३/ या कसोटीवर वुल्फ यांचा प्रश्न पाहावा. मूळ शेपटीवर मागची चाके किती उचलली जात होती, हे सिम्युलेशन बऱ्याच विश्वासाने सांगू शकेल. हॉर्समन यांचे अनुमानही त्यातून तपासता येईल. पण त्या क्षणी वुल्फ यांनी काय केले, हे कोणतेही समीकरण सांगणार नाही. गाडी धोकादायक होती असे सिद्ध झाले, तरी अपघात त्यामुळेच झाला असे आपोआप ठरत नाही. मात्र सारा दोष चालकावर टाकून मोकळे होणे त्यानंतर कठीण होईल. एवढा न्यायही थोडा नव्हे.

१४/ दुसरा मोह आजच्या ज्ञानाने कालच्या माणसाला हसण्याचा. १९६१ ची जग्वार ई-टाइप डोळ्यांना बाणासारखी भासते, पण तिचा वायुरोध गुणांक साधारण ०.४४ सांगितला जातो. आजच्या अनेक साध्या मोटारींचा तो ०.३० च्या आसपास असतो. म्हणून तिचे रचनाकार माल्कम सेयर अडाणी ठरत नाहीत. विमानाच्या कारखान्यातून आलेल्या या माणसाने संगणकाविना, हाताने गणित मांडून ते वक्र काढले. आजच्या आकड्याने सेयर यांना किती कमी साधनांत काम करावे लागले, हे मोजावे.

१५/ गणिताची साक्ष मानायची तर ती गैरसोयीची असतानाही मानावी लागते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने तपासली. ती उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाटणकरांचा अभिमान बाळगणाऱ्याने तोही तितक्याच शांतपणे स्वीकारावा. हवेचे नियम पुण्याला एक आणि पुराणाला दुसरे नसतात.

१६/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी सिम्युलेशन शिकावे आणि दफ्तरही सोडू नये. दफ्तरावाचून संगणकाला गाडीचा खरा आकार कळत नाही आणि संगणकावाचून दफ्तरातील कित्येक हकिगती तपासता येत नाहीत. चाळीतला कांदा का सडला हे ठरवताना देवळ्याचा शेतकरी फटींकडे पाहतो, पावसाची आठवण काढतो आणि कांदा कधी भरला हेही विचारतो. तो एका खुणेवर निकाल देत नाही. जुन्या गाडीभोवतीची हवा वाचणाऱ्यानेही देऊ नये.