चक नॉरिस हरतो तेव्हा

'चक नॉरिस पुश-अप्स मारत नाही, तो पृथ्वीला खाली ढकलतो.' हा जोक न ऐकलेला प्राणी आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. होस्टेलवर तर त्याच्या लोकल आवृत्त्याही निघाल्यात. चक नॉरिसला केटी लागत नाही, युनिव्हर्सिटीलाच चक नॉरिसमध्ये केटी लागते. चक नॉरिस सबमिशन करत नाही, सर स्वतः रूमवर येऊन जर्नलवर सही करून जातात. मेसची पोळी पहिल्या झटक्यात तुटली तर समजावं, पलीकडच्या टेबलावर चक नॉरिस बसलाय.

हसायला माझी अजिबात हरकत नाही. आमच्या गर्ल्स होस्टेलवर सबमिशनच्या आठवड्यात हेच जोक्स आम्हाला जागं ठेवतात. पण ज्या माणसावर हे जोक्स रचले गेले, त्याची खरी गोष्ट त्यांच्या बरोब्बर उलटी आहे. आणि मला विचाराल तर जोक्सपेक्षा ती गोष्टच आपल्या जास्त कामाची आहे.

या जोक्सची लाट अमेरिकेत २००५ च्या सुमारास आली. गंमत म्हणजे सुरुवातीला ते विन डिझेलवर होते. मग गाडी चक नॉरिसवर आली आणि तिथेच थांबली. साचा इतका फिट बसला, की आपल्याकडे २०१० मध्ये 'रोबोट' आल्यावर त्याच साच्यात रजनीकांत ओतला गेला. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, बसमध्ये तिकिटं फाडणारा कंडक्टर, या जोक्समध्ये कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त कधीच न हरणारा हिरो. चक नॉरिसचंही तेच झालं.

आता खरा माणूस बघू. कार्लोस रे नॉरिस, जन्म १० मार्च १९४०, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं रायन नावाचं छोटं गाव. तीन भावांत थोरला. वडील दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले, पण दारूच्या आहारी गेलेले. पुढे आई-वडील वेगळे झाले. मुलगा अभ्यासात यथातथा, खेळात मागे आणि स्वभावाने लाजाळू. आपल्या वर्गात असता तर शेवटून दुसऱ्या बाकावर बसला असता आणि त्याचा रोल नंबर कुणाला आठवला नसता.

१९५८ मध्ये तो हवाई दलात भरती झाला. विमान उडवायला नाही, तर 'एअर पोलिसमन' म्हणून. म्हणजे विमानतळाची राखण करणारा लष्करातला पोलीस. पोस्टिंग मिळालं दक्षिण कोरियातल्या ओसान तळावर. 'चक' हे नाव त्याला हवाई दलातच चिकटलं आणि 'टांग सू डो' ही तिथली हाणामारीची विद्याही तो ओसानलाच शिकायला लागला. ड्यूटी संपल्यावर रोज सराव. बस, एवढंच. यात कुठे वीज चमकली नाही की आकाशवाणी झाली नाही.

१९६२ मध्ये हवाई दलातून बाहेर पडल्यावर नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत साधी नोकरी धरली. खरं तर त्याला पोलिसात जायचं होतं. अर्जही केला होता, पण नाव वेटिंग लिस्टवर. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये कराटेचे क्लास सुरू केले. फायनल इयरच्या मंडळींनी इथे जरा थांबून विचार करावा. ज्या कंपनीची वाट बघत आपण रात्र-रात्र जागतो, तिचं लेटर आलंच नाही तर आयुष्य संपतं का? या माणसाचं तर वेटिंग लिस्टवर असतानाच सुरू झालं!

पुढे तो कराटेच्या स्पर्धांत उतरला आणि सुरुवातीलाच हरला. जो लुईसकडून हरला, ॲलन स्टीनकडून हरला. टोनी टुलनर्स नावाच्या खेळाडूकडून तर एकदा नव्हे, तीन वेळा हरला. १९६८ मध्ये लुई डेलगाडोला हरवून तो व्यावसायिक मिडलवेट विजेता झाला. त्याआधी याच डेलगाडोने त्यालाही हरवलेलं होतं. नंतर ते विजेतेपद त्याने सहा वर्षं राखलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी केट्या, मग डिस्टिंक्शन.

आणि ज्या फाइटमुळे जगाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं, ती कोणती? १९७२ चा ब्रूस लीचा 'वे ऑफ द ड्रॅगन'. रोममधल्या कलोसियमची मारामारी होस्टेलच्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये असतेच. त्यात चक नॉरिस मार खातो आणि मरतो. कधीच न हरणाऱ्या माणसाची सगळ्यात गाजलेली फाइट ही हरलेली फाइट आहे. जोक्स करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

नट होण्याचं डोक्यात घातलं ते त्याच्या क्लासच्या एका विद्यार्थ्याने. विद्यार्थी साधासुधा नव्हता म्हणा, तो होता हॉलिवूडचा स्टार स्टीव्ह मॅक्वीन. चौतिशीत हा विजेता ॲक्टिंग शिकायला बसला. त्यानंतर 'गुड गाईज वेअर ब्लॅक', 'लोन वुल्फ मॅक्वेड', 'डेल्टा फोर्स' असे सिनेमे आले आणि १९९३ ते २००१ टीव्हीवर 'वॉकर, टेक्सस रेंजर' चाललं.

त्याचे सिनेमे महान आहेत असं मी म्हणणार नाही. १९८४ चा 'मिसिंग इन ॲक्शन' घ्या. व्हिएतनाममध्ये अडकलेल्या अमेरिकन कैद्यांना एकटा हिरो सोडवून आणतो आणि समोरचे व्हिएतनामी सैनिक पत्त्यांसारखे पडतात. त्यांना ना चेहरा, ना घरदार. अमेरिका जे युद्ध खरोखर जिंकू शकली नाही, ते पडद्यावर जिंकून दाखवायचा हा प्रकार. आपल्याकडच्या 'एक हिरो, शंभर गुंड' पठडीतल्या सिनेमांइतकाच खोटा. खरं सांगायचं तर जोक्सचं बीज या सिनेमांतच आहे.

पण या सिनेमामागची एक गोष्ट कळली आणि मी गप्प झाले. त्याचा धाकटा भाऊ वीलंड १९७० मध्ये व्हिएतनाममध्येच लढताना मारला गेला. हे सिनेमे त्याने त्या भावाच्या स्मृतीला अर्पण केले. पडद्यावर तो सगळ्यांना सोडवून आणतो, घरी मात्र एक भाऊ परत आला नाही. हे समजल्यावरही सिनेमा मला पटत नाही, पण माणूस समजतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

आता त्याच्या ज्या कामाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, त्याकडे येते. १९९० मध्ये त्याने एक संस्था काढली, पुढे तिचं नाव 'किकस्टार्ट किड्स' झालं. काम काय, तर टेक्ससमधल्या शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कराटे शिकवणं. उद्देश चॅम्पियन घडवण्याचा नव्हता. मुलं ड्रग्ज आणि टोळ्यांपासून लांब राहावीत, त्यांना शिस्त आणि आत्मविश्वास मिळावा, हा होता. मला यातली सगळ्यात ग्रेट वाटली ती त्याची पद्धत. हा क्लास शाळेच्या टाइमटेबलमध्येच बसवलेला, एखाद्या विषयासारखा. मुलांना रोज त्याच वेळी तेच शिक्षक भेटणार. चेक फाडला, फोटो काढला, निघाला, असं नाही. दारूने पोखरलेल्या घरातल्या लाजाळू मुलाला नेमकं काय मिळालं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. त्याला ते एअर फोर्सने आणि ओसानच्या सरावाने दिलं. तेच त्याने परत केलं.

त्याचे राजकीय विचार सगळ्यांना पटतील असं नाही, मलाही सगळे पटत नाहीत. पण त्यासाठी त्याचं हे काम विसरायचं कारण नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या होस्टेलमध्ये 'पॉवर' म्हणजे काय? ज्याच्या विंगमध्ये ज्युनियर मान वर करून चालत नाहीत तो. ज्याच्यासाठी मेसमध्ये जागा राखली जाते तो. म्हणजे जोक्समधलाच चक नॉरिस, फक्त लोकल. आणि एफईचा रिझल्ट लागतो तेव्हा गावाकडून मराठी मीडियममधून आलेली, वर्गातलं इंग्लिश लेक्चर डोक्यावरून जाणारी मुलं रूमची कडी लावून बसतात. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना हा त्रास झाला नाही, यात आमचं काहीच कर्तृत्व नाही. तेव्हा ही 'पॉवर' त्यांच्या काय कामाची?

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर चांगलंच असतं, त्याला नावं ठेवत नाही. पण सात दिवसांनी बॅनर खाली उतरतो. त्यापेक्षा टीई-बीईच्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकच तास, एफईवाल्यांना एम-वन आणि मेकॅनिक्स मराठीतून समजावलं तर? आपापल्या होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये, ठरलेल्या दिवशी, वर्षभर. मॅनेजमेंटकडून पैसा नको, फ्लेक्स नको, उद्घाटनाला पाहुणे नकोत. रेक्टर सर आणि मॅडम, जागा आणि दहापर्यंत लाइट एवढंच द्या.

यात शिकवणाऱ्यांनी टॉपरच असावं अशी अट नको. उलट ज्यांनी एकदा तरी केटी सोडवलीय त्यांनी आधी नाव द्यावं. कुठे अडतं हे त्यांनाच चांगलं ठाऊक असतं. तीनदा हरलेला माणूस पोरांना उभं राहायला जास्त चांगलं शिकवू शकतो.

आमच्या विंगमधल्या चौघी तयार आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात. बॉइज होस्टेलवाल्यांनी आपलं बघावं.