पाणी सातबाऱ्यास की चुलीस?

आटपाडी तालुक्याची ओळख आमच्या वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. 1948 पर्यंत हा मुलूख औंध संस्थानात होता. पुढे 1949 साली तो दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, आणि 1960 साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. दप्तरे बदलली, पण माणगंगेचे कोरडे पात्र आणि आकाशाकडे लागलेले डोळे मात्र बदलले नाहीत.

अशा मुलखात माणसे टिकली ती अनेक वाटांनी. धनगराने मेंढरे राखली, आणि सुगी सरल्यावर कृष्णाकाठच्या रानात ती बसवून दुसऱ्याच्या शेतास खत दिले. कोणी खिलार जनावरे जोपासून खरसुंडीच्या यात्रेत विकली. कोणी कोयता घेऊन उसाच्या तोडीस गेले. कित्येक घरांतील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दूरदूरच्या शहरांत पांगले. तालुका म्हणजे केवळ शेतजमिनीचे क्षेत्र नव्हे, तर ही सारी घरे होत.

आता कऱ्हाडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या माळापर्यंत आले आहे. डाळिंबाच्या बागा हिरव्या झाल्या, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पाणी कोणाचे, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला आहे.

आमची उमर महसुली दप्तरात गेली. एका अवर्षणाच्या साली चावडीत नुकसानीच्या याद्या चालल्या असता एक वृद्ध मेंढपाळ दाराशी उभा राहून म्हणाला, "रावसाहेब, आमचं नाव कुठल्या कागदावर लागंल?" त्याची निम्मी मेंढरे चाऱ्यावाचून गेली होती. सातबाऱ्यावर त्याचे नाव नव्हते, म्हणून आमच्या यादीतही नव्हते. आम्ही नियमाप्रमाणे वागलो. पण तो प्रश्न आजही आमच्या मनातून गेलेला नाही.

पाण्याच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होऊ नये. ज्याची जमीन अधिक त्यास पाणी अधिक, हा हिशेब सोपा खरा, पण न्याय्य नव्हे. 1993 पासून आटपाडीस भरलेल्या पाणी परिषदांनी, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने, समन्यायी वाटपाची मागणी मांडली. त्यापूर्वीच खानापूर तालुक्यात येरळेवर गावकऱ्यांनी बळीराजा धरण बांधले. त्यासाठी नदीतील वाळू विकून पैसा उभारला, आणि भूमिहीन घरासही पाण्याचा वाटा मान्य केला.

कोणी विचारील, ज्यास जमीन नाही तो पाणी घेऊन काय करणार? उत्तर सरळ आहे. तो वाट्याने जमीन करील, मेंढरांपुरता चारा पिकवील, अथवा आपला वाटा शेजाऱ्यास देऊन त्याचा मोबदला घेईल. ज्या बागाईतदारास पाणी हवे, तो त्या मेंढपाळाच्या दाराशी जाईल. एवढ्यानेही गावातील तोल पालटेल.

म्हणून आमची विनंती अशी की, पाणीवापर संस्थांनी सातबाऱ्याच्या यादीशेजारी चुलींची यादीही ठेवावी, आणि गायराने बागांखाली जाऊ देऊ नयेत. पाणी पुष्कळ लांबून आणि पुष्कळ वीज खर्चून चढविले जाते. ते सर्वांच्या करातून आलेले आहे. ते सर्वांच्या घरी पोहोचावे, यात अधिक मागणे ते कोणते?